पदवीची वाफ

अरे ऐक. आधी खाली बस, आणि मधे मधे 'मग काय झालं, मग काय झालं' करू नकोस, कारण मग काय झालं हेच तर सांगतोय. फक्त ऐक.

लिटमस माहितीये ना तुला? नसेल माहिती तरी रस्त्यात ओळखशील. लाज वाटली की कानापासून लाल होत जातो आणि घाबरला की ओठांपासून निळा. कॉलेजात प्रॅक्टिकलला आमचे सर नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचे की कुणीतरी काहीतरी सांडलंय. तर त्या लिटमसला नोकरी लागली. म्हणजे लागत आली. मोठ्या सरकारी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. जागा एक आणि परीक्षेला बसलेले किती ते विचारू नकोस, दोन शाळा भरल्या होत्या नुसत्या. त्यातून हा पहिला आला. पत्र आलं: सोमवारी सकाळी अकरा वाजता कागदपत्रांची पडताळणी, मूळ पदवी प्रमाणपत्र सोबत आणणे. आणि खाली जाड अक्षरात एकच ओळ, की मूळ प्रत सादर न केल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. लिटमसने ती ओळ इतक्या वेळा वाचली की ती त्याला झोपेतही ऐकू यायची, तीही जाड आवाजात.

आता इथे त्याच्या बाबांबद्दल सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही कळणारच नाही. बाबा तीस वर्षं सरकारच्या रेकॉर्ड विभागात होते. तिथे त्यांनी वाळवी पाहिली, उंदीर पाहिले, गळकं छत पाहिलं, पण त्यांच्या ताब्यातला एक कागद कधी खराब झाला नाही. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना एक पाटी दिली, तिच्यावर तसं कोरलंय. आणि घरी आल्याबरोबर त्यांनी काय केलं असेल? लॅमिनेशनचं मशीन आणलं. घरगुती. दोन गरम रोलर, मधे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद, इकडून आत आणि तिकडून कडक होऊन बाहेर.

मग सुटलेच ते. लाइटची बिलं झाली. लसीची कार्डं झाली. आईने फोडणीचं माप लिहून ठेवलेली चिठ्ठी झाली. वाण्याची यादी लॅमिनेट केली, मग तिच्यावर खाडाखोड होईना म्हणून त्या घरात अजूनही दर महिन्याला त्याच सतरा वस्तू येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरची बाराही पानं एकत्र आत गेली, त्यामुळे त्यांच्याकडे कायम जानेवारी असतो. कहर म्हणजे मशीनचं स्वतःचं वॉरंटी कार्ड. तेही केलं. पण त्याच्यावर दुकानदाराचा शिक्का मारायचा राहिला होता, आणि प्लॅस्टिकवर शिक्का काही बसेना, पुसूनच जायचा, म्हणून वॉरंटी गेली. आई म्हणते, "यांच्यासमोर फार वेळ एका जागी बसायची भीती वाटते मला."

त्या घरात लॅमिनेट न झालेला महत्त्वाचा कागद एकच उरला होता, लिटमसची पदवी. ती त्याने उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "अरे, ते तेवढं करून टाकू या का?" आणि हा म्हणायचा, "बाबा, पडताळणी होऊ दे, मग काय करायचं ते करा."

शनिवारी सकाळी त्याने अभ्र्यातून पदवी काढली. कशाला? तर नावाचं स्पेलिंग बघायला. दहाव्यांदा. टेबलावर पसरली, वाकला, आणि कोपराने पाण्याचा जग आडवा केला.

अर्धी पदवी भिजली रे! कुलगुरूंच्या सहीपासून खाली सगळी. शाई पक्की होती म्हणून अक्षरं जागेवर राहिली, पण कागद असा मलूल झाला की उचलला तर मान टाकेल. लिटमस आधी लाल झाला, मग निळा, मग त्याने जी हाक मारली ती वरच्या मजल्यापर्यंत गेली.

वरच्या मजल्यावरून वरच्या काकू आल्या. या काकूंचा स्वभाव असा, की कुणाच्या घरी काही झालं तर त्यांच्याकडे उपाय आधी तयार असतो आणि काय झालं ते त्या नंतर विचारतात. "तांदळाच्या डब्यात घाला," दारातूनच म्हणाल्या. "माझ्या भावाचा फोन तांदळातच सुधारला."

"काकू, हा फोन नाहीये."

"मग इस्त्री फिरवा. नाहीतर केस वाळवायचं मशीन आणते माझं. नाहीतर तव्यावर जरा..."

"तव्यावर?" हे समोरच्या दारातून. समोरचे सर. छत्तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून वर्ग नाही म्हणून जिन्यात शिकवतात. ते चपला न घालताच आले, कागद पाहिला, हात मागे बांधले, आणि सुरू.

"काहीही करायचं नाही. दोरीवर लावा, पंखा हळू ठेवा आणि विसरून जा. इव्हॅपोरेशन होऊ द्या. तुम्ही जे म्हणताय ना वहिनी, इस्त्री आणि तवा, ते बॉइलिंग. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"दोन्हीत पाण्याची वाफच होते की हो," काकू म्हणाल्या. "वाफ ती वाफ."

"अजिबात नाही! कार्यक्रम संपलाय असं समजा. पाहुणे एकेक करून उठतात, दाराशी चपला शोधतात, येतो म्हणतात, जातात. कुणाला कळतसुद्धा नाही. हे इव्हॅपोरेशन. वरच्यावर, सावकाश, कुठल्याही तापमानाला. आणि बॉइलिंग म्हणजे मधेच कुणीतरी ओरडलं, 'आग लागली!' की पुढचे, मागचे, मधले सगळे एकदम उठणार. आणि दार बंद असलं तर भिंत पाडून जाणार."

काकूंनी विचार केला. "पण शेवटी घर रिकामंच होतं ना?"

"अहो, पण घर राहायला पाहिजे ना!"

आणि या सगळ्यात लिटमस उभा होता रे. ज्याच्याकडे या विषयाची पदवी आहे तो. त्याने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा सर म्हणाले, "थांब, मी सांगतो," आणि दुसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "तू चिमटे आण." बिचारा चिमटे आणायला गेला. त्याला वाटलं, पदवी भिजली म्हणजे आपलं मतही भिजलं बहुतेक.

पण सरांचं बरोबर होतं हे त्यालाही माहिती होतं. खोलीत दोरी बांधली, पदवीला चार चिमटे लावले, पंखा एकवर, आणि दिवसभर खाली खुर्ची टाकून बसला. जेवणही तिथेच. आई म्हणाली, "एवढी राखण तर तू तान्हा असताना तुझीही केली नाही मी." बाबा दर अर्ध्या तासाने दारात यायचे, कागदाकडे बघायचे, आणि सुस्कारा टाकून जायचे. त्यांना ती ओल बघवत नव्हती. तीस वर्षांची सवय होती ना.

रविवारी दुपारी सर तपासायला आले. पदवीचं टोक त्यांनी आपल्या गालाला लावलं, असं, तापवाल्या पोराला बघतात तसं. "गार लागतंय. म्हणजे अजून पाणी उडतंय, उडताना गारवा देतंय. वरून कोरडं दिसतं, पण आत ओल आहे. उद्या सकाळपर्यंत हात लावू नकोस, आणि गरम तर काहीही जवळ आणू नकोस." एवढं लिटमसला सांगून ते झोपायला गेले.

लिटमसलाही बाहेर जायचं होतं. पडताळणीला चारित्र्याचा दाखला लागतो, आणि त्याच्यावर दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या. त्याने शर्ट घातला, बूट घालायला बसला, आणि बाथरूममधून बाबांचा आवाज आला, "वाळलं का रे?"

आता 'नाही' म्हटलं असतं तर बाबांनी दारामागून आणखी चार प्रश्न विचारले असते. किती वाळलं, कुठल्या बाजूने नाही, पंखा दोनवर करू का. याला घाई होती. हा म्हणाला, "वाळलं, वाळलं!" आणि गेला.

एवढंच. दोन शब्द. एकच शब्द दोनदा, खरं तर.

रविवारी दुपारी प्रतिष्ठित व्यक्ती शोधून बघ तू कधीतरी. डॉक्टर झोपले होते. वकील दारात आले पण बनियनवर होते, आणि म्हणाले की बनियनवर मी सही करत नाही, शर्ट इस्त्रीला गेलाय. शाळेचे मुख्याध्यापक गाडीखाली आडवे झाले होते, दुरुस्तीला, नुसते पाय बाहेर. लिटमस त्या पायांशी दहा मिनिटं अदबीने बोलला, तेव्हा खालून एक काळा हात आला आणि सही करून गेला. दाखल्यावर अंगठ्याचा ठसाही उमटला, फुकट. वकिलांचा शर्ट साडेचारला आला. असं करत करत हा पाच वाजता घरी पोचला, तर जिन्यातच त्याला वास आला. तापलेल्या प्लॅस्टिकचा.

त्याने मला सांगितलं, की त्या वासाने त्याला सगळं कळलं. दोन जिने तो चढला ते उगाच, कळायचं काही राहिलंच नव्हतं.

झालं असं होतं, की बाबांनी दोरीवरचा कागद बघितला. वाळलाय असं पोराने सांगितलेलं. पण वाळताना कागदाला लाटा आल्या होत्या, आणि असा लाटा आलेला कागद घेऊन आपला मुलगा साहेबासमोर उभा राहणार, हे त्यांना सहन होईना. त्यांना वाटलं, पोराला कळायच्या आत सरळ करून ठेवू, आनंद होईल त्याला. पाकिटात घातली. मशीन तापवलं. त्याचे रोलर शंभर अंशांच्या किती तरी वर जातात. पदवी अर्धी आत गेली, आणि आतून आवाज आला. फट. मग फट फट फट. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय फोडताय?" बाबा म्हणाले, "काही नाही, मशीन गुणगुणतंय."

कागदात उरलेलं सगळं पाणी एका क्षणात उठलं होतं रे. आणि दार बंद. वरून प्लॅस्टिक, खालून प्लॅस्टिक.

टेबलावर जे पडलं होतं त्याला प्रमाणपत्र म्हणवत नव्हतं. फोडच फोड, मोठे, टपोरे. एक बरोबर कुलगुरूंच्या सहीवर, एक लिटमसच्या आडनावावर. आणि निवल्यावर त्या वाफेचं परत पाणी झालेलं, त्यामुळे आतून धुकं धरलेलं आणि थेंब फिरतायत. उभं धरलं की थेंब खाली, आडवं केलं की बाजूला. कागदाच्या आत स्वतंत्र हवामान सुरू झालं होतं.

लिटमस लाल झाला नाही आणि निळाही नाही. पांढरा पडला. हा रंग त्याच्यात असतो हे आम्हाला कुणाला माहितीच नव्हतं.

"मशीनचं व्होल्टेज वर-खाली होतंय हल्ली," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पाकिटं हलकी येतात आजकाल." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तूच म्हणालास ना वाळलं म्हणून?"

आणि याने होय म्हणून मान हलवली. कारण म्हणाला होताच की तो!

तेवढ्यात सर आले. त्यांनी तो पदार्थ ट्यूबलाइटसमोर धरला, आणि अरे, त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला! "वहिनी! अहो वरच्या वहिनी! खाली या! काल मी काय सांगत होतो? हे बघा, हे बॉइलिंग! छत्तीस वर्षांत इतका स्वच्छ प्रयोग जमला नाही मला." मग लिटमसचं तोंड पाहून म्हणाले, "म्हणजे वाईटच झालं. फार वाईट. पण स्वच्छ झालं."

काकू सुई घेऊनच उतरल्या होत्या. फोड सुईने फोडायचे असतात असं त्यांचं म्हणणं. तीन फोडले, पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत गेली आणि फोड वाढले. मग सर म्हणाले, प्लॅस्टिक गार केलं की कडक होतं आणि सुटून येतं, फ्रीजमध्ये टाका. आईने बर्फाचा खण रिकामा केला. तासाने काढलं, तर थेंबांचा बर्फ. त्या बर्फाच्या चुऱ्यातून पदवी अशी दिसत होती, की बर्फातल्या मोहिमेवर हरवलेल्या कुठल्या तरी माणसाची नंतर सापडली असावी. सरांनी नखाने एक कोपरा सोडवला. "येतंय, येतंय," म्हणाले, "बघ कसं येतंय," आणि ओढलं.

तेवढ्या कोपऱ्यापुरतं आलं. पण एकटं नाही आलं. जिथे ओल कमी होती तिथे प्लॅस्टिक कागदाला घट्ट धरून बसलं होतं, ते कागदाचा वरचा पापुद्राच घेऊन आलं. आणि त्या पापुद्र्यावर शब्द कुठला होता? 'उत्तीर्ण'.

म्हणजे कागदावर बघितलं तर याने परीक्षा दिलेली, पण पुढे काय झालं ते नाही. आणि प्लॅस्टिकवर बघितलं तर कुणीतरी पास झालेलं, पण कोण ते नाही.

"आता कुणी हात लावायचा नाही," आई म्हणाली. तिने कागद आणि प्लॅस्टिक दोन्ही एका ताटात ठेवलं, वर दुसरं ताट पालथं घातलं, आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

सोमवारी बाबा म्हणाले, "मी येतो बरोबर. तीस वर्षं सरकारी ऑफिसात काढलीत, मला ती भाषा येते." लिटमसला नको होते, पण बाबा चपला घालून दारात उभे होते. दोघं साडेदहालाच जाऊन बसले. बाकावर आणखी एक मुलगा होता, साधी निळी फाइल मांडीवर, शांत. बाबांनी त्याच्याशी गप्पा काढल्या. कुठला, काय शिकलास. त्याने बाबांना आपल्या पेपरची आतली पानं वाचायला दिली. मग बाबांनी विचारलं, "तू कशासाठी आलायस?" तर तो म्हणाला, "मी प्रतीक्षा यादीत पहिला आहे काका. आज बोलावलंय. समजा कुणाचं काही राहिलं तर."

बाबांनी पेपर घडी करून परत दिला.

खिडकी नंबर तीनवर एक बाई होत्या. चष्मा साखळीला, पेन कानावर. लिटमसने ताटातला ऐवज एका मोठ्या पाकिटातून त्यांच्यासमोर ठेवला. बाईंनी ते उचललं, तेवढ्यात एक थेंब सरकत आडनावावरून खाली गेला. बाईंनी रुमाल काढून पुसलं.

"आतून आहे मॅडम," लिटमस म्हणाला.

बाईंनी उलटं करून पुसलं.

"आतूनच आहे."

"लॅमिनेट केलेली प्रत चालत नाही, परिपत्रक आहे," बाई म्हणाल्या. मग सुटलेला कोपरा बघून, "पण ही तर लॅमिनेट नाहीये." मग बाकीचं बघून, "म्हणजे आहे." त्यांनी एका हातात कागद आणि एका हातात प्लॅस्टिकचा तुकडा धरला. "यातली मूळ प्रत कुठली?"

या प्रश्नाला उत्तर असतं का रे? मला तर नाही सुचलं अजून.

बाबा पुढे झाले आणि त्या भाषेत बोलले. तीन वाक्यांत 'सबब', 'सदरहू' आणि 'उपरोक्त' बसवलं. बाई खूश झाल्या असाव्यात, कारण त्यांनी खालच्या खणातून एक फॉर्म काढला. मूळ प्रत खराब झाल्यास नवी मिळवायला पंधरा दिवसांची मुदत. जीव भांड्यात पडला दोघांचा. पण फॉर्मवर एक रकाना होता: नुकसानास जबाबदार कोण. बाईंनी पेनाच्या टोकाने समजावून सांगितलं. उमेदवार स्वतः जबाबदार असेल तर निष्काळजीपणा, मग मुदत नाही, जागा पुढच्याला. "बरोबरच आहे ना," बाई म्हणाल्या, "ज्याला कागद सांभाळता येत नाही त्याच्या हातात आम्ही ऍसिडच्या बाटल्या कशा देणार?" आणि दुसऱ्या कुणी नुकसान केलं असेल तर त्याचं नाव, आणि 'हे नुकसान माझ्या हातून झालं' म्हणून त्याची सही. पंधरा दिवस लगेच.

"आणि हा फॉर्म जातो कुठे?" बाबांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. त्यांना माहितीच होतं.

"एक प्रत रेकॉर्ड विभागात. खराब प्रमाणपत्रासकट."

रेकॉर्ड विभाग! जिथे बाबांच्या हाताखाली तयार झालेली सगळी माणसं बसतात. जिथे बाबा गेले की अजून लोक खुर्चीतून उठतात. तिथे आता फाइल जाणार, आणि तिच्यात लिहिलेलं असणार की या माणसाने एक कागद खराब केला. तोही पोराची पदवी!

लिटमसच्या डोक्यात काय काय चाललं असेल बघ. नुकसान केलं कुणी? बाबांनी. पण मुळात पाणी सांडलं कुणी, आणि वाळलं असं सांगितलं कुणी? याने. सर त्याला स्वतः सांगून गेले होते की आत ओल आहे. म्हणजे बाबांनी जे केलं ते याच्या शब्दावर विसंबून केलं. दोन वर्षं अभ्यास करून मिळवलेली नोकरी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बाबा, खिडकीचा कठडा धरून उभे.

त्याने पेन घेतलं आणि लिहिलं: उमेदवार व उमेदवाराचे वडील, दोघे मिळून.

बाईंनी वाचलं. "असा रकाना नाहीये."

"पण झालं तसंच आहे मॅडम." आणि मग याने त्यांना सगळं सांगितलं. इव्हॅपोरेशन काय, बॉइलिंग काय, वरून कोरडं म्हणजे आतून कोरडं नव्हे, पाहुणे, चपला, बंद दार. थेंब दाखवले. फोड दाखवले. इतकं छान सांगितलं, की शेजारच्या खिडकीतला कारकून उठून आला आणि मागे बाकावरचा निळ्या फाइलवाला मान हलवत होता. खिडकी नंबर तीनवर कुणी इतकं चांगलं सायन्स शिकवलं नसेल कधी.

"समजलं," बाई म्हणाल्या. "अगदी स्पष्ट समजलं. आता एक नाव खोडा."

"दोन्ही राहू द्या ना."

"बाळ, दोन्ही ठेवलीत की त्यात तुमचं आलं. तुमचं आलं की मुदत गेली. मी वाईट नाहीये हो, रकाना एवढाच आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "एकला खिडकी बंद होते. वाजायला दहा कमी आहेत."

दोघं बाजूला आले. लिटमस म्हणाला, "बाबा, मी तुमचं खोडतो. परीक्षा पुन्हा देईन मी. मीच म्हणालो होतो वाळलं म्हणून." आणि लाल झाला. कानापासून नाही, एकदम सगळा.

बाबांनी त्याचा पेनाचा हात धरून थांबवला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका जपून ठेवल्या रे. नीट फाइल लावून, नंबर घालून. त्यात माझी एक गेली तर कपाट मोडत नाही."

"पण बाबा..."

"ऐक. तू माझ्यापायी नोकरी सोडलीस, हे मला घरी जपून ठेवावं लागेल. रोज. ते नाही झेपायचं मला. त्यापेक्षा हे हलकं आहे. खोड तुझं."

"पण ते खरं नाहीये सगळं."

"सरकारी फॉर्मवर सगळं कधी मावतं? खोड लवकर, ती बाई खिडकी लावतेय."

आणि लिटमसने स्वतःचं नाव खोडलं. बाबांनी खाली सही केली, तीच ती लांबलचक सही, तीस वर्षं करत होते तशीच, खालच्या दोन रेघांसकट. बाईंनी शिक्का मारला. निळ्या फाइलवाला उठला, लिटमसला म्हणाला, "काँग्रॅट्स," बाबांना म्हणाला, "येतो काका," आणि गेला. तो इतका सरळ गेला ना, की लिटमसला त्याचंही ओझं झालं, वेगळं.

नवीन प्रमाणपत्र बाराव्या दिवशी आलं. नोकरी सुरू झाली. चांगली चाललीये. पण बाबांनी तेव्हापासून मशीनवर कापड टाकून ठेवलंय, आणि संध्याकाळी रेकॉर्ड विभागाकडच्या रस्त्याने फिरायला जायचे ते दुसऱ्या रस्त्याने जायला लागले. विचारलं की म्हणतात, इकडे झाडं जास्त आहेत. एकही झाड नाहीये तिकडे.

परवा त्यांना फोन आला. रेकॉर्ड विभागातून, आता जे तिथले प्रमुख आहेत त्यांचा, बाबांनीच शिकवलेला माणूस. बाबांनी फोन बघितला, वाजू दिला, मग बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलं. लिटमस काचेतून बघत होता, निळा पडून. बाबा ऐकत होते, मान खाली. आणि मग एकदम ताठ झाले. "काय? त्या पदवीला पंच? अरे, वेडा आहेस का!" दारातून स्वच्छ ऐकू आलं. "भोक पाडलंस की सगळं पाणी फाइलीत जाईल! खालचे कागद भिजतील! हात लावू नकोस त्याला. कुणालाही लावू देऊ नकोस. मी येतो."

शर्ट घातला आणि निघाले, नेहमीच्या जुन्या रस्त्याने. तीन तासांनी आले. काय झालं, कोण काय बोललं, कुणी काही विचारलं का, एक शब्द नाही. जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "आडवी ठेवलीये. वेगळ्या खणात." दोनदा भात मागून घेतला.

तरी लिटमस रोज मला फोन करतो. म्हणतो, "सांग ना, मी चुकलो का? माझं नाव ठेवायला हवं होतं का?" कधी मी म्हणतो बरोबर केलंस, कधी म्हणतो जरा चुकलासच, आणि दोन्ही वेळा मला ते खरं वाटतं. आता तू सांग. हसू नकोस, नीट विचार करून सांग. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं, पेन तुझ्या हातात, शेजारी तुझे बाबा. तू कुणाचं नाव खोडलं असतंस?